मांडव्याची फेरी आणि ४२०० वर अडलेलं इंजिन

पावसाळाभर उभी ठेवलेली बोट दिवाळीनंतर बाहेर काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. गेटवे ते मांडवा सरळ गेलं तर सात-साडेसात सागरी मैल. आमची बोट २१ फुटी, फायबरची, मागे बाहेरून टांगलेलं ११५ एचपीचं फोर-स्ट्रोक इंजिन, म्हणजे आउटबोर्ड. चार माणसं बसवून पूर्ण थ्रॉटलला ५६०० आरपीएम (मिनिटाला फेरे) आणि २७ नॉट (ताशी सागरी मैल), हा तिचा मागच्या हंगामातला हिशेब वहीत लिहिलेला होता. तुम्हीही असे आकडे बोट धड असतानाच लिहून ठेवा. बिघाड झाल्यावर ‘पूर्वी चांगली पळायची’ एवढ्यावर काहीच शोधता येत नाही.

अपोलो बंदरासमोरच्या गर्दीतून हळूहळूच निघावं लागतं, आणि चार-पाच नॉटला आजारी इंजिनही ठणठणीत वाटतं. बंदरातल्या संक रॉक दीपगृहाचा दिवा मागे पडल्यावर थ्रॉटल पुढे केला. बोट रडतखडत प्लेनवर आली, म्हणजे पाण्यावर उचलून पळायला लागली, आरपीएम ४८०० पर्यंत चढला, आठ-दहा सेकंद टिकला आणि घसरून ४२०० च्या आसपास डुलत राहिला. जीपीएसवर १७ नॉट.

असं झालं की आधी काट्याकडे आणि जीपीएसकडे एकत्र बघायचं, पाना नंतर. आरपीएमही कमी आणि वेगही कमी, तर इंजिनाला पेट्रोल कमी पडतंय किंवा त्याच्यावर ओझं जास्त आहे: बुडाला शेवाळ, बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) पाणी, नाहीतर जास्त पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात जास्त पुढे ढकलणारा प्रॉपेलर. आरपीएम चढतोय पण बोट पुढे सरकत नाही, तर प्रॉपेलर पाण्याला धरत नाही. आणि अलार्म वाजून आरपीएम एका ठरावीक आकड्याला गपकन बसला असेल, तर इंजिन तापल्यामुळे किंवा ऑइल प्रेशर गेल्यामुळे स्वतःला वाचवतंय. तिथे थ्रॉटल रेटायचा नाही, पायलट होलमधून, म्हणजे इंजिनाच्या बाजूच्या बारीक भोकातून, थंड करणाऱ्या पाण्याची धार पडतेय का ते बघायचं.

आमचा आरपीएम चढून मग घसरत होता, हे महत्त्वाचं. ओझ्यामुळे दमलेलं इंजिन पहिल्यापासून खाली असतं आणि तिथेच स्थिर राहतं. चढून घसरणारं बहुतेक वेळा उपाशी असतं. सोबतचे तांडेल काका (मुरलेले नावाडी) काट्याकडे न बघताच म्हणाले, “मशीनला काय झालं नाय, त्याला प्यायलाच मिळत नाय.”

जीपीएसबद्दल एक. तो जमिनीच्या हिशेबाने वेग दाखवतो, आणि उधाणाच्या दिवशी या बंदरात पाण्याची ओढ चांगलीच जाणवते. म्हणून ओढीच्या दिशेने एकदा आणि उलट एकदा पळवून सरासरी काढा. ही चाचणी फेरीबोटींच्या वाटेवर करू नका. १८ डिसेंबर २०२४ ला याच पाण्यात इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. मोकळं पाणी, अंगात लाइफ जॅकेट, किल स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला. यात सूट नाही.

मग पेट्रोलच्या लाइनवरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी प्रायमर बल्ब पाहिला. बोट पळत असताना दुसऱ्याने तो दाबून बघायचा. दाबल्यावर आरपीएम वर आला तर पंप कमजोर आहे किंवा लाइन कुठेतरी हवा ओढतेय. आमचा बल्ब चिपाडासारखा चपटा झाला होता. म्हणजे अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला. टाकीत हवा घेणारा व्हेंट तुंबला तरी असंच होतं. झाकण सैल केल्यावर ‘फुस्स’ आवाज आला आणि इंजिन सुधारलं तर दोष तिथे. आमच्याकडे फुस्स झालं नाही. राहिला टाकी आणि बल्बच्या मधला पाणी वेगळं करणारा फिल्टर.

इंजिन बंद करून, नांगर टाकून फिल्टर काढला आणि त्यातलं सगळं एका पारदर्शक बाटलीत ओतलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली दोन बोटं गढूळ थर, त्यात तपकिरी गाळ. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासकट तळाला बसतं, आणि टाकीतून पेट्रोल ओढणारी नळीही तळाशीच असते. त्यामुळे पावसाळ्याआधी टाकी एक तर जवळजवळ भरून ठेवा, नाहीतर रिकामी करा. अर्धी टाकी चार महिने उभी ठेवणं सगळ्यात वाईट. बाटलीतलं ते समुद्रात ओतू नका, किनाऱ्यावर न्या.

सुटा फिल्टर सोबत होता. तो लावल्यावर ५२०० आरपीएम, २४ नॉट, आणि काटा स्थिर. उरलेले ४०० कुठे गेले, ते मांडव्याला ओहोटीत कळलं. कमरेएवढ्या पाण्यात उतरून बुडाखाली हात फिरवला तर किसणीवरून फिरवल्यासारखं लागलं. बार्नेकलचे (बुडाला चिकटणाऱ्या कवचाच्या जीवांचे) बारीक दाणे आणि मागच्या बाजूला शेवाळाची दाढी. निघताना हात कापला नाही हे नशीब, हातमोजे घालून उतरा. आणि भरती-ओहोटीचं कोष्टक पाहूनच बोट किनाऱ्याजवळ आणा, नाहीतर पुढच्या भरतीपर्यंत वडापाव खात बसावं लागेल.

परतीला अर्ध्या वाटेवर उलटाच प्रकार. आरपीएम एकदम ६००० च्या वर, बोट मात्र मंदावली आणि सगळं थरथरायला लागलं. थ्रॉटल लगेच कमी केला, इंजिन बंद करून चावी काढली, मग आउटबोर्ड वर उचललं. पंख्याला सिमेंटच्या गोणीच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. या बंदरात हे ठरलेलंच आहे, त्यामुळे धारदार सुरी हाताशी हवीच. प्लास्टिक सुटतं, नायलॉनचा धागा असेल तर प्रॉपेलर काढून शाफ्टवर मागेपर्यंत बघा, कारण तो सील कापतो आणि गिअर ऑइलमध्ये पाणी शिरतं. ऑइल दुधाळ दिसलं की समजायचं. पंखा साफ असूनही आरपीएम पळत असेल, तर पंखा शाफ्टला धरून ठेवणारा आतला रबरी हब घसरतोय. तेव्हा जोर न लावता हळूहळू परत या. तेही जमत नसेल तर व्हीएचएफ रेडिओचा चॅनेल १६, मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

मांडव्याहून निघण्याआधी तिथल्या बंदरावरच्या एका मेकॅनिकने १७ पिचचा काढून १५ चा प्रॉपेलर लावा, असा सल्ला दिला होता. दोन इंच पिच कमी केल्यावर ३०० ते ४०० आरपीएम वाढतात हे खरंच, पण घाण बुडावर नवा पंखा लावला असता, तर बूड साफ केल्यावर तेच इंजिन पूर्ण थ्रॉटलला मर्यादेच्या काठावर पळालं असतं. पुढच्या आठवड्यात बोट वर काढून बूड खरवडलं, टाकीच्या तळाचं पाणी उपसलं. आता ५५५० आणि २७ नॉट, प्रॉपेलर तोच १७ चा.