तुम्ही विचारलंत म्हणून: लाल ठिपक्यांचं पांढरं 'फुलपाखरू'

"गवतातून चालताना पायाशी फडफडत उठतं, ते लाल ठिपक्यांचं पांढरं फुलपाखरू कोणतं?" पावसाळा सरत आला की हा प्रश्न मला हमखास येतो.

तो पतंग आहे, उटेथाइझा पुल्चेला. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसनं १७५८ सालीच त्याची नोंद केली. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. पुढचे पंख दुधी, त्यांवर काळे बारीक ठिपके आणि मधेमधे लालभडक डाग. मागचे पंख पांढरे, त्यांना वेडीवाकडी काळी किनार. उडताना हे मागचे पंखच जास्त नजरेत भरतात, म्हणून तो नुसता पांढरा वाटतो. गवताच्या काडीवर बसून पंख अंगाभोवती गुंडाळले की लाल नक्षी उघडी पडते. मिशा बघा: दोऱ्यासारख्या, फुलपाखराच्या मिशांना असते तशी टोकाला गाठ नाही. दिवसा उडत असला तरी तो पतंगच. उटेथाइझा लोट्रिक्स हा त्याचा भाऊबंद इतका सारखा दिसतो, की फोटोवरून मी छातीठोक नाव सांगत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. एवढा भडक, तरी पाखरं त्याला खात कशी नाहीत? याचं उत्तर खुळखुळ्याच्या झाडात आहे. याची अळी खुळखुळा, ताग, भुरुंडी अशा झाडांवर वाढते. या झाडांत यकृताला घातक अशी अल्कलॉइड नावाची कडू रसायनं असतात. अळी ती पचवून अंगात साठवते आणि पतंग झाल्यावरही ती तिच्यात राहतात. लाल-काळा रंग ही त्या कडूपणाची उघड सूचना आहे.

याच्या अमेरिकेतल्या भावंडावर, उटेथाइझा ऑर्नाट्रिक्सवर, कीटकांचे अभ्यासक थॉमस आइस्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. खुळखुळ्याच्या जातीवर वाढलेला पतंग जाळ्यात अडकला, तर कोळी स्वतःच भोवतीचे धागे तोडून त्याला सोडून देतो. अल्कलॉइड नसलेल्या खाद्यावर वाढवलेला पतंग मात्र तोच कोळी खाऊन टाकतो. नर याच विषापासून आपला गंध बनवतो, मादी त्या गंधावरून नर निवडते आणि मीलनात नराकडून तिला विषाचा वाटा मिळतो. तो वाटा मादी अंड्यांत उतरवते. म्हणजे पिल्लांना जन्माआधीच आईबापांचं संरक्षण! माळावरच्या एवढ्याशा जिवाची ही तजवीज कळल्यापासून खुळखुळ्याला तण म्हणून उपटणं मला पटत नाही.

हा पतंग हाताला लागला तर काही होत नाही, ते विष खाणाऱ्यासाठी आहे. आणि तागाच्या पिकाचं काय? त्याच्या शेंगा याची अळी पोखरते, हे खरं. पण हिरवळीच्या खतासाठी ताग फुलोऱ्यातच गाडतात, शेंगा धरेपर्यंत ठेवत नाहीत. काळजी करायची ती बियाण्यासाठी ताग ठेवणाऱ्यांनी.