चाळीस ठोके, एक्केचाळीस ठोके

माझं लहानपण इचलकरंजीत गेलं. घरामागच्या शेडमध्ये अण्णांचे चार माग होते. अभ्यास, झोप, ताप, परीक्षा, सगळं त्या खडखडाटात पार पडलं. लोक विचारतात, आवाजाचा त्रास नाही व्हायचा? आम्हाला त्रास व्हायचा तो आवाज थांबल्यावर. रात्री लाइट गेली की माग बंद पडायचे आणि अख्खी गल्ली दचकून जागी व्हायची.

शेजारशेजारचे दोन माग कधीच अगदी एका चालीत चालत नाहीत. एकाचा धोटा खट्ट करून पलीकडे जातो, दुसऱ्याचा खट्ट त्याच्या किंचित मागून येतो. हळूहळू हे अंतर वाढत जातं, दुसऱ्याचा ठोका पहिल्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मध्ये येतो, मग पहिल्याच्या पुढच्या ठोक्याला गाठतो आणि एका क्षणी दोन्ही माग एकदम वाजतात. अंथरुणात पडून मी त्या क्षणाची वाट बघायची.

आता कोल्हापुरात राहते, दिवसभर हिशेबाचं काम करते, आणि रात्री जेवणं उरकली की हेडफोन लावून तीच वाट बघते. मॉड्युलर सिंथेसायझरवर हौशी माणसांनी केलेलं संगीत ऐकण्याचं वेड मला गेली काही वर्षं आहे. हे सुट्या खणांचं, वायरींनी जोडायचं इलेक्ट्रॉनिक वाद्य. त्यात एक खण नुसता स्वर काढतो, दुसरा तो गाळतो, तिसरा ठोके देतो. कोणती वायर कुठे खुपसायची ते वाजवणाऱ्याने ठरवायचं. स्वरसुद्धा वायरीतल्या दाबावर ठरतो: १ व्होल्ट वाढवला की एक सप्तक वर. खरे खण परवडणारे नाहीत, म्हणून मी व्हीसीव्ही रॅक वापरते. २०१७ साली आलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. त्यातले माझे आवडते खण मुळात एमिली जिले या फ्रेंच बाईंनी बनवलेल्या खऱ्या खणांवरून केलेले आहेत. त्यांनी आपला कोड सगळ्यांसाठी खुला ठेवला, म्हणून ते माझ्यापर्यंत पोचले. याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

माझी पहिली मनासारखी रचना म्हणजे दोन माग. एक घड्याळ, म्हणजे ठोके देणारा खण, सेकंदाला २ ठोक्यांवर लावलं, दुसरं २.०५ वर. २० सेकंदांत पहिल्याचे ४० ठोके होतात, दुसऱ्याचे ४१, आणि तिथे दोघं भेटतात. ते ठोके दोन रेझोनेटरना दिले. रेझोनेटर म्हणजे टकटक केली की तारेसारखा किंवा पत्र्यासारखा घुमणारा खण. घुमारा लांबवला तेव्हा एका भेटीचा नाद पुढच्या भेटीपर्यंत रेंगाळायला लागला. सात मिनिटं नुसतं हेच. साउंडक्लाउडवर टाकलं. महिन्याभरात अकरा जणांनी ऐकलं आणि एकाने लिहिलं, "चौथ्या मिनिटाला श्वास रोखला होता." तो माणूस मन लावून बसला होता, हे मला तेवढ्यावरून कळलं.

म्हणून मीही कोणाचा तुकडा लावला की पुढे ढकलत नाही. खऱ्या वाद्यावर वाजवणाऱ्याने वायरी उपसल्या की ती जुळणी संपली. फोटो काढला, टिपणं ठेवली, तरी बटणं केसभर इकडेतिकडे होतात आणि तोच आवाज परत मिळत नाही. उरतं ते फक्त ध्वनिमुद्रण. परवा एकाच्या तुकड्यात दोन ऑसिलेटर, म्हणजे स्वर काढणारे खण, एका स्वरात लावलेले होते, पण यंत्र तापत गेलं तसा एक जरा सरकला आणि जोडीतली एक तार किंचित उतरल्यावर तानपुऱ्यात येतात तशी लाटांची थरथर सुरू झाली. त्याने ती दुरुस्त न करता तशीच राहू दिली, हे त्याच्या कानाचं मोठेपण. मी तसं त्याला लिहिलं. दोनच ओळी, पण कितव्या मिनिटाला काय ऐकू आलं ते नेमकं सांगून. नुसतं "छान" लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं, असं माझं ठाम मत आहे.

डिस्क्वायट जुंटो नावाचा इंटरनेटवरचा एक उपक्रम आहे. मार्क वायडनबाउम यांनी जानेवारी २०१२ मध्ये सुरू केला. दर गुरुवारी एक कामगिरी मिळते, सोमवारपर्यंत रचना करून द्यायची. पहिली कामगिरी होती ग्लासातल्या बर्फाच्या खड्याचा आवाज, आणि दर वर्षाची सुरुवात तिनेच होते. मी बर्फ स्टीलच्या फुलपात्रात टाकला. काचेत किणकिण होते. फुलपात्रात आधी टण्ण होतं, पाणी सुटायला लागलं की स्वर मऊ पडतो, आणि तळाशी बोट टेकवलं की पार दबतो. रात्री बारा वाजता फ्रिज बंद करून मी ते अकरा वेळा रेकॉर्ड केलं.

आपल्याकडे हे आजचं नाही. १९६९ मध्ये अहमदाबादच्या एनआयडीत, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभारून दिला. तिथे गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई या आपल्याकडच्या मंडळींनी काम केलं. त्या टेपा कित्येक वर्षं संस्थेच्या संग्रहात पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलाकाराने त्या शोधल्या आणि २०२३ मध्ये त्यांतल्या निवडक रचना प्रकाशित झाल्या. पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा मला रडू आलं. त्या खोलीत वाजलेलं बाहेर पोचायला पन्नास वर्षं लागली, आणि माझा बर्फ त्याच रात्री परक्या देशातल्या कोणाच्या तरी कानात होता.

दिवाळीत मी 'दोन माग' अण्णांना व्हॉट्सॲपवर पाठवलं. काय आहे ते सांगितलं नव्हतं. त्यांनी फोन कानाला लावून सगळी सात मिनिटं ऐकलं, आणि मला फोन केला.

"दोन नंबरचा पुढं पळतोय. पट्टा बघ."

मग म्हणाले, चुलत्यांच्या शेडमध्ये जुने दोन माग अजून चालू आहेत, मशीन घेऊन ये. मशीन म्हणजे रेकॉर्डर. येत्या रविवारी जाणार आहे.