धुऱ्यावरची अश्वगंधा
आमच्या यवतमाळकडे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अश्वगंधा, जिला जुनी माणसे आस्कंद म्हणतात, आपोआप उगवते. कागदी आवरणातली तिची फळे लाल झाली आणि पाने पिवळी पडली की झाड मुळासकट उपटतात, मुळे धुऊन, तुकडे करून वाळवतात आणि त्यांचे चूर्ण रात्री कोमट दुधातून देतात. झोप आणि चिंता यांवर तिचा माफक उपयोग काही लहान चाचण्यांत दिसला आहे. पण गुण यायला काही आठवडे लागतात. तयार भुकटीपेक्षा (तीत काय मिसळले असेल देव जाणे) मला अख्खी मुळेच बरी वाटतात. गर्भवतींनी ती घेऊ नये, आणि थायरॉइडच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी, तसेच यकृताचा त्रास असलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिच्या वाटेला जाऊ नये.