विमानवेळ गणक: वारा जुळला, ध्रुवाने दमवलं

विमानाला किती वेळ लागेल हे काढणारा गणक लिहितोय, त्यात लंडन–न्यूयॉर्क अखेर जुळलं! अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर, हवेतला वेग ताशी ९००, आणि २५० हेक्टोपास्कलवरचा (म्हणजे साधारण विमानांच्या उंचीवरचा) जीएफएसचा, त्या अमेरिकी हवामान प्रारूपाचा, वारा. एवढ्यावर जाता-येतानाच्या वेळांत तासाभराचा फरक आपोआप पडतो, वेळापत्रकात असतो तसाच. आतापर्यंत दोन्ही दिशांना एकच उत्तर यायचं, त्यामुळे हा आकडा बघून फार बरं वाटलं.

अंतराचा विषय मिटला. सिंगापूर–न्यूयॉर्कला हॅवरसाइन (पृथ्वी अगदी गोल धरणारं सूत्र) १५,३४० किमी देतं, डब्ल्यूजीएस-८४ वर (ध्रुवांशी किंचित चपटी पृथ्वी धरून) १५,३४८ च्या आसपास येतात. चपट्या पृथ्वीवरचं अंतर फेऱ्याफेऱ्यांनी काढणारी विन्सेंटी यांची पद्धत (१९७५) पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांच्या बिंदूंवर अडकते: अक्षांश-रेखांश (०, ०) ते (०.५, १७९.७) देऊन बघा, फेऱ्या संपतच नाहीत. कार्नी यांची २०१३ ची पद्धत तिथेही उत्तर देते आणि ती ज्यात आहे ते ज्योग्राफिकलिब हे सॉफ्टवेअर फुकट आहे. दुसरं काही वापरायचं कारण मला तरी दिसत नाही.

डोकं खाल्लं ते सिंगापूर–न्यूयॉर्कच्या वेळेने. गणक मार्गाचे तुकडे पाडून प्रत्येकाचा वारा धरतो; त्या तुकड्यांची लांबी बदलली की वेळ बदलायची. ५०० किमीला एक, १०० किमीला दुसरी. बाकी कुठल्याच मार्गावर असं होत नव्हतं. शेवटी एकेक तुकडा छापून पाहिला. हा मार्ग ८७.५ अंश उत्तरेवरून, ध्रुवापासून जेमतेम २८० किमीवरून जातो. निघताना दिशा उत्तरेपासून २.५ अंश, पोहोचताना जवळपास थेट दक्षिण, आणि बहुतेक सगळा बदल ध्रुवाच्या आसपास. तिथे १०० किमीत दिशा वीसेक अंशांनी फिरते. विमान सरळच जात असतं, पण तुकड्याच्या सुरुवातीची दिशा पूर्ण तुकड्याला लावली की मागून येणारा वारा हिशेबात भलतीकडेच वळतो.

मग अंशच सोडून दिले. वाऱ्याचे पूर्व-उत्तर घटक त्रिमितीय सदिशात बदलले, मार्गाची स्पर्शिकाही (त्या बिंदूवरची पुढची दिशा) तशीच घेतली आणि दोघांचा अदिश गुणाकार केला, म्हणजे मार्गाच्या दिशेचा वारा थेट मिळाला. आडव्या वाऱ्याची वजावट वर्गमुळाच्या सूत्राने, पूर्वीसारखीच. आता ५० किमी घ्या की १००, वेळ जागची हलत नाही!

तरी वेळापत्रक साडेअठरा तासांच्या पुढे, आणि चढ-उताराचा अर्धा तास धरूनही मी साडेसतराच्या आसपास. पुढे विमानतळांवरच्या टॅक्सीच्या (विमान जमिनीवर चालवण्याच्या) वेळांचा तक्ता करायचं ठरवलं होतं, पण हे लिहिताना वाटतंय की त्याने एवढी तफावत भरणार नाही. या मार्गावरची विमानं अनेकदा जेट प्रवाह पकडायला पॅसिफिकवरून लांबचा रस्ता घेतात, शिवाय बंद हवाई हद्दी आणि पर्यायी विमानतळांचे नियम आहेतच. म्हणजे प्रश्न गणितज्ञ झर्मेलोचा, १९३१ चा: वाऱ्यात सर्वांत कमी वेळाचा मार्ग कोणता? तेव्हा तक्ता बाजूला, आधी एक अंशाची जाळी आणि तिच्यावर डायक्स्ट्रा (सर्वांत कमी वेळाचा मार्ग शोधणारी पद्धत).

नाही, थांबा. अक्षांश-रेखांशाची जाळी ध्रुवाजवळ पुन्हा दाटणार. एच३ (पृथ्वी जवळजवळ सारख्या पेशींत वाटणारी जाळी) च्या षटकोनी पेशी घेतो. तिसऱ्या पातळीवर ४१,१६२ पेशी, घरच्या संगणकाला सहज झेपतील. फक्त सहाच शेजारी जोडले तर मार्ग नागमोडी होऊन अंतर फुगेल, म्हणून दुसऱ्या कड्यापर्यंतचे अठराही जोडून बघतो.