आज दादा घाटापर्यंत चालला

सात महिन्यांनी. सांगलीत गणपती मंदिरापासून कृष्णेच्या घाटापर्यंत, कुबड्या घेऊन, मध्ये दोनदा थांबत. मी पाण्याची बाटली घेऊन मागे. आयर्विन पूल दिसला तेव्हा तो काहीच बोलला नाही, नुसता बघत राहिला.

त्याच्या पेल्विसमध्ये, म्हणजे कमरेच्या हाडात, कॉन्ड्रोसार्कोमा होता. कूर्चेचा कॅन्सर. त्याला केमो सहसा लागू पडत नाही, गाठ हाडासकट काढावी लागते. मुंबईत ऑपरेशन झालं, पाय वाचला. काढलेल्या हाडाच्या जागी प्लेट आणि स्क्रूने दुसऱ्याचं हाड बसवलं. मृत्यूनंतर कुणीतरी दान केलेलं, उणे ८० अंशांत गोठवून जपलेलं. दुसऱ्याची किडनी बसवल्यावर लागतात तशा आयुष्यभर गोळ्या त्यासाठी घ्याव्या लागत नाहीत, हे मला तेव्हा कळलं. जोडापाशी त्याचं स्वतःचं हाड हळूहळू त्यात धरतं. पण जंतुसंसर्गाची भीती मोठी. साधी कणकण आली तरी आमचा जीव टांगणीला.

संध्याकाळी आईने देवापुढे दोन निरांजनं लावली. दुसरं कुणासाठी, हे विचारावं लागलं नाही.

"नाव नको गं, निदान गाव तरी कळायला हवं होतं," एवढंच म्हणाली.