तुम्ही विचारलंत म्हणून: स्वस्त वॉशिंग मशीन घेऊ की महागडं?

“थोडे पैसे जास्त घालून चांगलं घेऊ, की स्वस्तातलं चालून जाईल?” घरात विजेवर चालणारं काहीही आणायचं ठरलं की हा प्रश्न येतोच. मी आधी उलट विचारतो: ती वस्तू नुसती तापते, की वजन घेऊन फिरते? अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

नुसतं तापणाऱ्या वस्तूंत, म्हणजे पाण्याची किटली, साधी इस्त्री, टोस्टर यांत, जास्त पैसे दिल्याने काम जास्त होत नाही. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ८७ वॉट-तास लागतात, आणि हे गणित कुठल्याही कंपनीला बदलता येत नाही. १५०० वॉटची स्वस्त किटली आणि १५०० वॉटची महाग किटली, दोन्ही साडेतीन-चार मिनिटंच घेणार. इथे खुशाल पैसे वाचवा. फक्त वायर आत शिरते तिथे रबरी बाही आहे का आणि वस्तूचं अंग धातूचं असेल तर प्लगला अर्थिंगची पिन आहे का, एवढं बघा. घरी आणल्यावर दहा मिनिटं चालवून वायरला आणि प्लगला हात लावा. चांगलेच गरम लागले तर आतली तार बारीक आहे किंवा जोड सैल आहे. अशी वस्तू त्याच दिवशी परत करावी.

फिरणाऱ्या वस्तूंचं तसं नाही, आणि सगळ्यांत जास्त विचारणा होते ती पुढून दार उघडणाऱ्या वॉशिंग मशीनची. म्हणून तेच नीट उलगडून सांगतो.

या मशीनचा ड्रम आडवा असतो आणि फक्त मागच्या बाजूने धरलेला असतो. पुढे त्याला आधार नाही. मागे तीन हातांचा एक सांगाडा असतो, त्याला स्पायडर म्हणतात. स्पायडरच्या मधोमध शाफ्ट, म्हणजे जाड पोलादी दांडा, आणि तो शाफ्ट दोन बेअरिंगांत, म्हणजे आत पोलादी गोळ्या असलेल्या कड्यांत फिरतो. या सगळ्याभोवती पाणी धरणारं बाहेरचं भांडं असतं, तो टब. आता ड्रमचा व्यास ४८ सेंटीमीटर धरा. पिळताना कपडे एका बाजूला गोळा झाले आणि २०० ग्रॅमचा असमतोल राहिला, तर मिनिटाला ८०० फेऱ्यांना तो ड्रमला सुमारे ३४ किलोंच्या जोराने बाहेर ओढतो. १४०० फेऱ्यांना तेच २०० ग्रॅम सुमारे १०५ किलोंच्या जोराने ओढतात. फेऱ्या पावणेदोनपट झाल्या, ओढ तिप्पट झाली. आणि ही ओढ दर फेरीला दिशा बदलते, म्हणजे मिनिटाला १४०० वेळा. तो सगळा मार मागच्या दोन बेअरिंगांवर, स्पायडरच्या हातांवर आणि टबाखालच्या, हादरे शोषणाऱ्या शॉकॲब्सॉर्बरवर पडतो.

म्हणून स्वस्त, हलकं आणि वर “१४०० फेऱ्या” असं मिरवणारं मशीन मला पटत नाही. ८०० फेऱ्यांनंतर सुती कपड्यांत त्यांच्या कोरड्या वजनाच्या साधारण ७० टक्के पाणी उरतं, १४०० नंतर ५० च्या आसपास. कपडे ड्रायरमध्ये वाळवत असाल तर हा फरक मोलाचा आहे. दोरीवर घालत असाल तर १००० ते १२०० पुष्कळ झाल्या.

पण बेअरिंग तेवढ्याने मरत नाही. ते मरतं पाण्याने. बेअरिंगाच्या पुढे, पाण्याच्या बाजूला, एक रबरी ऑइल सील असतं. त्याची पातळ ओठासारखी कड शाफ्टवर चढवलेल्या पितळी नळीवर, म्हणजे बुशीवर, घासत राहते आणि पाणी अडवते. वर्षानुवर्षांच्या घासण्याने ती कड झिजते, बुशीवर खाच पडते, आणि साबणाचं पाणी थेंबाथेंबाने बेअरिंगात शिरतं. ग्रीस धुऊन जातं, गोळ्यांना गंज चढतो. सुरुवातीला पिळताना बारीक ‘सूं’ असा आवाज येतो, मग घरघर, आणि शेवटी विमान उडाल्यासारखी गर्जना. याच टप्प्यावर मागचं झाकण काढलं तर टबाच्या मधून खाली ओघळलेली तपकिरी रेघ दिसते. ती दिसली की सील गेलंच.

दुरुस्ती अवघड नाही, वेळखाऊ आहे. दोन्ही बेअरिंगं आणि सील एकदम बदलायचं, एक बदलून दुसरं ठेवायचं नाही. बुशीवर नखाला लागेल अशी खाच असेल तर नवं सीलही गळणार, तेव्हा बुश किंवा आख्खा स्पायडर बदलावा. सीलच्या कडेला पाण्याने न धुपणारं ग्रीस लावायचं. बेअरिंगं बाजारात कुठेही मिळतात: अनेक मशीनांत ६२०५ आणि ६२०६ असे साधे क्रमांक असतात. ६२०५ म्हणजे आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. क्रमांकापुढे ‘टू आरएस’ असेल तर दोन्ही बाजूंना रबरी पडदे, ‘झेडझेड’ असेल तर पत्र्याचे. मशीनच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ असतो.

अट एकच: टब उघडला पाहिजे. स्वस्त आणि महाग यांच्यातला खरा भेद माझ्या मते इथे आहे, आणि तो किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. काही मशीनांत प्लास्टिकच्या टबाचे दोन अर्ध भाग स्क्रूने जोडलेले असतात, मध्ये पाणी अडवणारी रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट. ते सुटतात. काहींत हे दोन अर्ध भाग कारखान्यातच वितळवून एकजीव केलेले असतात. मग एवढंसं सील बदलायला आख्खा टब ड्रमसकट घ्यावा लागतो, आणि त्या खर्चात लोक मशीनच भंगारात देतात. वाईट याचं वाटतं की अशा मशीनची मोटर, पंप, पत्रा, दार, सगळं धडधाकट असतं. असा जोडलेला टब महागड्या मशीनांतही सापडतो, म्हणून नुसत्या किमतीवर विसंबू नका. विकत घेण्याआधी त्या मॉडेलची सुट्या भागांची यादी मागवा किंवा शोधा. यादीत ‘बेअरिंग’ आणि ‘सील’ वेगळे दिसले तर टब उघडतो. फक्त ‘टब असेंब्ली’ असेल तर उघडत नाही असंच धरून चाला.

त्याच यादीत कंट्रोल बोर्डाची, म्हणजे मशीन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पाटीची, किंमतही बघा. आजकाल बंद पडणाऱ्या मशीनांत बोर्डाचा वाटा मोठा आहे: ओल, मुंग्या, विजेचे झटके. मशीनच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा बोर्ड महाग असेल तर मी ते मशीन सुचवत नाही. “मोटरवर १० वर्षं वॉरंटी” हे वाक्य वाचताना हेच लक्षात ठेवा. ती वॉरंटी बहुधा फक्त मोटरीची असते, तिला चालवणाऱ्या बोर्डाची नसते, आणि इन्व्हर्टर मोटर, म्हणजे बोर्डाने वेग कमी-जास्त करता येणारी बिनब्रशची मोटर, तशीही सहसा जळत नाही. जुन्या पद्धतीच्या, बेल्टवर चालणाऱ्या ब्रशच्या मोटरीला लोक उगाच नावं ठेवतात. तिचा आवाज जास्त, हे खरं. पण झिजतात ते कार्बनचे दोन छोटे ठोकळे, आणि ते बहुतेक मोटरींत दोन स्क्रू काढून बदलता येतात.

मग जास्तीचे पैसे जातात कुठे? एकाच कंपनीच्या रांगेत खालच्या आणि वरच्या मॉडेलचा टब, मोटर, पंप पुष्कळदा एकच असतो. वरच्याला मोठा पडदा, वाफ, फोनवरून चालू करायची सोय आणि धुण्याचे आणखी बारा प्रकार मिळतात. माझं मत स्पष्ट आहे: त्या रांगेतलं खालून दुसरं मॉडेल घ्या, टब तोच आहे याची खात्री करून.

दुकानात दोन मिनिटं हातानेही तपासा. दार उघडून ड्रमची वरची कड आतून धरा आणि वर उचला. ड्रम आणि टब मिळून वर आले तर ठीक, कारण ते स्प्रिंगांवर टांगलेले असतात. ड्रम एकटाच टबाच्या आत खटखटला तर नको. मग रिकामा ड्रम फिरवून कान द्या, खरखर अजिबात नको. माहितीपत्रकात निव्वळ वजन वाचा. सारख्याच मापाच्या दोन मशीनांत एक दहा किलोंनी हलकं असेल तर बहुतेकदा टबावरचं काँक्रीटचं वजन कमी केलेलं असतं, आणि ते वजनच हादरे गिळतं.

विजेच्या बचतीचं गणितही करून बघा. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ०.६ युनिट लागतं. मोटर आणि पंप मिळून त्याहून बरंच कमी खातात. तुम्ही गार पाण्यातच धुत असाल तर महागड्या मशीनची बचत फार थोड्यावर होते. फ्रिजचं याच्या उलट आहे: तो चोवीस तास लावलेला असतो, तिथे कमी वीज खाणाऱ्याला जास्त पैसे देणं परवडतं.

बजेट फारच कमी असेल तर ओढूनताणून पुढच्या दाराचं सगळ्यांत स्वस्त मशीन घेण्यापेक्षा दोन टबांचं सेमी-ऑटोमॅटिक घ्या. हाताने कपडे इकडून तिकडे टाकावे लागतात, पण आत दोन मोटरी, गोल फिरवायचा टायमर आणि मोटर सुरू व्हायला मदत करणारा कपॅसिटर, एवढाच संसार. मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाही, पण टब हाताने मोकळा फिरतो, तर पहिला संशय कपॅसिटरवर.

आणि जे घ्याल ते बसवताना मागचे वाहतुकीचे बोल्ट काढले का, हे स्वतः डोळ्यांनी बघा. बहुतेक मशीनांना ते तीन किंवा चार असतात आणि टब मागच्या पत्र्याला घट्ट आवळून ठेवतात. ते न काढता पहिल्यांदा पिळलं तर मशीन जमिनीवर चालू लागतं, आणि टब, शॉकॲब्सॉर्बर पहिल्याच दिवशी दुखावतात. काढल्यावर भोकांत सोबत आलेली प्लास्टिकची बुचं बसवा, वर पाणसळ ठेवून चारही पाय जमिनीला टेकतील असे फिरवा आणि पायांची लॉकनट आवळा. काढलेले बोल्ट पिशवीत घालून मशीनच्या कागदांसोबत ठेवा, घर बदलताना तेच परत लावायचे आहेत.