निघालो, पोचलो, परत

आमचे आप्पा जुन्नरमध्ये मोटारी भरायचे. विहिरीवरची मोटार जळाली की आतली तांब्याची तार पुन्हा गुंडाळावी लागते, त्याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. जळकी कॉईल कापून काढायची, तिचे फेरे मोजायचे, नव्या तारेचे तेवढेच घालायचे, मग वार्निश लावून सुकवायचं. फेरे मोजताना आप्पांशी कुणी बोलायचं नाही. गिऱ्हाईक दारात आलं तर ते मान वर न करता डावा हात उचलायचे, म्हणजे थांबा. त्या वार्निशचा वास त्यांच्या सगळ्या शर्टांना होता. आई म्हणायची, कितीही धुतला तरी जात नाही. आप्पा गेल्यावर तिनं एक शर्ट न धुताच कपाटात ठेवला आहे.

उन्हाळ्यात दुकानात मोटारींची रांग लागायची. उसाला, टोमॅटोला पाणी द्यायचंय म्हणून शेतकरी पायरीवर बसून राहायचे. शनिवारी रात्री बारा-बारापर्यंत काम चालायचं, कारण रविवारी दुकान बंद. रविवारी आप्पा डोंगरात.

जीवधन, चावंड, हडसर, नाणेघाट, आंबे-हातवीज, दुर्गवाडी. बहुतेक वेळा एसटीनं घाटघरला उतरायचं आणि चालायला लागायचं. कापडी बूट, खाकी पँट, पिशवीत भाकरी, ठेचा, कांदा, गूळ आणि एक दोरी. कोयता घाटघरच्या एका मामांकडेच ठेवलेला असायचा. हे मामा महादेव कोळी, हिरड्याच्या दिवसांत दिवसभर झाडांवर. आप्पा त्यांच्या घरची मोटार फुकट भरून द्यायचे आणि पहिल्या पावसात मामा त्यांना बॅटरी घेऊन ओढ्यावर खेकडे धरायला न्यायचे.

मला पहिल्यांदा नेलं ते नाणेघाटात. तेव्हा मी चौथीत होते. तिथल्या लेण्यात सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. यज्ञ केले, दक्षिणा दिली, गाई किती, कार्षापण किती, असा सगळा हिशेब दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेला. आप्पांना ब्राह्मी येत नव्हती. पण त्यातले आकडे कुठले ते त्यांनी कुणाकडून तरी शिकून घेतले होते. भिंतीपासून वीतभर लांब बोट धरून ते मला दाखवायचे, "हे बघ, हा आकडा. ह्यानं पण मोजलंच असंल ना, छिन्नी मारायच्या आधी?" दिवसभर फेरे मोजणाऱ्या माणसाला त्या कोरक्याबद्दल किती माया वाटत होती, ते आत्ता लिहिताना कळतंय. बाहेर जकातीचा दगडी रांजण आहे, त्यात मला उभं करा म्हणून मी हट्ट केला. नाही म्हणाले. हात लावून दिला फक्त.

आप्पांचा एकच नियम होता. दुपारचे दोन वाजले की जिथं असू तिथून माघारी.

सहावीत असताना आम्ही जीवधनला गेलो. जुन्नर दरवाजाच्या बाजूनं चढत होतो. तिथल्या पायऱ्या इंग्रजांनी 1818 मध्ये उडवल्या, त्यामुळे वरच्या टप्प्यात खडक धरून चढावं लागतं. वर कोठारात जळलेल्या धान्याची राख अजून आहे असं आप्पांनी सांगितलेलं, ती बघायची म्हणून मी दोन रात्री झोपले नव्हते. खडकाशी पोचलो आणि आप्पांनी घड्याळ बघितलं. खालून धुकं चढत होतं. "चल, माघारी." मी तिथंच बसले आणि भोकाड पसरलं. वर पोचायला वीस मिनिटं सुद्धा लागली नसती. ते शेजारी बसले, गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "वर कोण वाट बघतंय आपली? वाट बघणारी खाली जुन्नरात बसलीय."

राख मी तीन वर्षांनी बघितली. काळी माती दिसते, बस. पण तो गुळाचा खडा अजून जिभेवर आहे.

दुकानाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांपासून उलट्या बाजूनं ते डोंगराच्या नोंदी करायचे. तारीख, ठिकाण, निघालो, पोचलो, परत. एवढंच. दृश्यांचं वर्णन नाही, स्वतःबद्दल एक शब्द नाही. मधेच कुठंतरी "कारवी फुलली", नाहीतर "मधाचं पोळं, लांबून गेलो". जीवधन 63 वेळा आहे, मी मोजलं. त्यातल्या 14 नोंदींपुढे "माघारी" लिहिलंय.

एकाच नोंदीपुढे दुसऱ्या दिवसाची वेळ आहे. मुंबईहून आलेल्या पोरांपैकी एकाचा पाय उतरताना मुरगळला होता. आप्पांनी बाकीच्यांना घाटघरला पिटाळलं आणि मामा माणसं घेऊन येईपर्यंत त्या पोरापाशी बसले. त्याला खाली आणेस्तोवर मध्यरात्र झाली. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता. आई रात्रभर ओट्यावर बसून होती, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून अर्धवट झोपेत. पहाटेच्या मुक्कामी गाडीनं आप्पा आले. आई काही बोलली नाही, झाकलेलं ताट पुढं केलं. अंघोळ न करता, तसेच चिखलाच्या पायांनी, ती रात्रीची वाळलेली भाकरी त्यांनी पूर्ण खाल्ली. वहीत लिहिलंय, "परत दुसऱ्या दिवशी 7.40. निरोप धाडायला हवा होता." त्यानंतर उशीर होण्याची नुसती शंका आली तरी संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरजवळ चिठ्ठी यायची, स्टँडवरच्या चहावाल्याकडे, तिथून आमच्या घरी.

2001 च्या सुमारास तालुक्यात बिबट्याचे माणसांवरचे हल्ले वाढले तेव्हा आई म्हणाली, आता बास करा. आप्पांनी डोंगर सोडला नाही, पण पायरीवर बसलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला तेच-तेच सांगायचे. रात्रीची लाईट असली तर पाणी धरायला एकट्यानं उसात जाऊ नका, मोठ्यानं बोलत जा, रेडिओ लावा, वाकून बसू नका, पोरांना मागं चालू देऊ नका. कुणाची बॅटरी बिघडली असेल तर हातातलं काम बाजूला ठेवून आधी ती दुरुस्त करून द्यायचे. तिचे पैसे कधी घेतले नाहीत.

शेवटची काही वर्षं गुडघ्यांनी साथ सोडली. मग रोज सकाळी शिवनेरी, शिवाईदेवीच्या दारापर्यंत. पुढं तेही जमेना. सुट्टीत माझी लेक आली की तिचं बोट धरून जायचे, आणि तिला दरवाज्यांची नावं क्रमानं पाठ झाली होती. वहीतली शेवटची नोंद थरथरत्या अक्षरात आहे. "शिवनेरी. हत्ती दरवाजा. पाय नको म्हणाला. माघारी. परत 8.10."

त्यानंतर चार महिन्यांनी, आश्विनात, आप्पा गेले.

तेराव्याला घाटघरचे मामा आले. इंद्रायणी तांदळाची पिशवी आणि फडक्यात गुंडाळलेला तो कोयता घेऊन. मूठ झिजून आप्पांच्या पंजासारखी झालेली. मामा म्हणाले, "ताई, माझ्या घरी हा टांगलेला बघवंना." आईनं तो देवघराच्या बाजूच्या खुंटीला लावला.

मी चौदाव्या दिवशी पुण्याला निघाले. घरी पोचल्यावर फोन केला तर आई म्हणाली, थांब जरा. मला पानं उलटल्याचा आवाज आला.

"हां, सांग," ती म्हणाली. "निघालीस 3.15 ला, ते लिहिलंय. पोचलीस कधी?"